उभ्या जेट स्कीचा कार्ब्युरेटर : निवड आणि जुळणी यांचा आढावा

यंत्राची ताकद वाढवावयाची म्हणजे त्याचा घसा मोठा करावयाचा, ही समजूत मोटारसायकलीच्या कारागिरापासून पाण्यावरच्या शर्यतवाल्यापर्यंत सर्वांच्या मनात इतकी खोल रुजलेली आहे की, उभ्याने चालवावयाच्या जेट स्कीचा मालक हाती चार पैसे खुळखुळू लागताच पहिली खरेदी करतो ती बहुधा मोठ्या कार्ब्युरेटरची. आणि मग पुढचा सारा हंगाम त्या कार्ब्युरेटरला वठणीवर आणण्यात खर्ची घालतो. गेल्या पन्नास वर्षांत या विषयात जो अनुभव साचला आहे त्याचा तपशील तपासू जाता असे दिसते की, मापाला या प्रश्नात दिले जाते तेवढे महत्त्व त्याच्या योग्यतेहून अधिक आहे, आणि जुळणीला दिले जाते ते मात्र फारच अपुरे आहे. प्रस्तुत आढावा त्याच दृष्टीने घेतलेला असल्यामुळे, ज्यांना अमुक इंजिनाला अमुक मापाचा कार्ब्युरेटर असा कोष्टकवजा हुकूम हवा असेल त्यांची थोडी निराशा होईल.

गोव्यात कळंगुट-बागा किनाऱ्यावर किंवा आपल्याकडे मालवण-तारकर्लीस भाड्याने मिळणाऱ्या ज्या वाहनांना आपण सरसकट जेट स्की म्हणतो, ती बैठकीची असतात. येथे विचार आहे तो त्यांच्या थोरल्या, अधिक हट्टी बहिणीचा. क्लेटन जेकबसन या अमेरिकन कल्पकाने साठीच्या दशकात आखलेल्या कल्पनेला कावासाकी कंपनीने हात दिला, आणि १९७३ च्या सुमारास आसन नसलेली, मागच्या अरुंद तबकात उभे राहून बिजागरीच्या दांड्याने वळवावयाची ही नौका बाजारात आली. चारशे घनसेंटिमीटरचे दोन सिलिंडरांचे टू-स्ट्रोक इंजिन, त्याला थेट जोडलेला पाण्याचा पंप, गिअर नाही, ब्रेक नाही. पुढे ४४०, १९८२ त ५५०, १९८७ त ६५० एसएक्स, १९९० मध्ये यामाहाची सुपरजेट, १९९४ पासून तिचेच ७०१ घनसेंटिमीटरचे इंजिन, आणि २००३ ते २०११ या काळात कावासाकीची ८०० एसएक्स-आर अशी ही वंशावळ वाढत गेली. तथापि दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक आणि कार्ब्युरेटर ही त्रयी त्या सर्व काळात अबाधित राहिली, आणि त्यामुळेच १९८५ साली पडलेला प्रश्न २०१५ सालच्या मालकालाही जवळजवळ त्याच शब्दांत पडत होता.

या नौकेचा कार्ब्युरेटर मोटारसायकलीच्या कार्ब्युरेटराहून मुळातच वेगळ्या जातीचा आहे. मोटारसायकलीत पेट्रोलची वाटी असते, तीत तरंगणारा फ्लोट पातळी राखतो, आणि ही सारी व्यवस्था वाहन बहुतांशी सरळ उभे राहील या भरवशावर चालते. उभी जेट स्की दिवसातून कितीदा उलटी होईल याचा नेम नाही; लाटेवर ती आपटते, वळणावर कुशीवर पडते, आणि कसरती करणारा स्वार तर ती हेतुपुरस्सर हवेत उलटी फिरवतो. अशा स्थितीत वाटीतले पेट्रोल कोठे असेल हे सांगता येणार नाही, म्हणून लाकूड कापण्याच्या यांत्रिक करवतीत वापरतात त्याच तत्त्वाचा पडद्याचा, म्हणजे डायफ्रॅमचा, कार्ब्युरेटर येथे आला. क्रँककेसमधल्या दाबाच्या चढउताराने एक पडदा पंपासारखा थरथरतो आणि टाकीतले पेट्रोल ओढून आणतो. दुसरा पडदा घशातल्या निर्वाताच्या ओढीने आत खेचला जातो, तो एक लहानशी तरफ दाबतो, तरफेखालची स्प्रिंग दबते, सुई आपल्या बैठकीवरून उचलली जाते आणि पेट्रोल आत येते. मागणी सरली की स्प्रिंग सुईला पुन्हा जागेवर बसवते. गुरुत्वाकर्षणाची अशी हकालपट्टी झाल्यावर नौका सरळ आहे की उलटी याच्याशी कार्ब्युरेटरला कर्तव्य उरत नाही; परंतु त्याची किंमत म्हणून स्प्रिंग, सुई आणि पडदा यांचे जे नाजूक त्रैराशिक गळ्यात पडते, त्याची ओळख मोटारसायकलीच्या कारागिराला नसते.

आपल्याकडे यामाहा आरएक्स-१०० च्या मिकुनी कार्ब्युरेटरवर ज्यांचे हात बसले, त्यांनी येथे विशेष सावध असावे. नाव तेच मिकुनी असले, तरी तेथे वरखाली सरकणारा गोल पिस्टन आणि त्याला लटकलेली निमुळती सुई मधल्या टप्प्याचे मिश्रण ठरवीत असे. येथे घशात फिरणारी साधी झापड आहे, निमुळती सुई नाही. शिवाय तेथला बारीक स्क्रू हवेचा होता, म्हणजे तो बाहेर काढला की मिश्रण विरळ होई. येथला मंदगतीचा स्क्रू पेट्रोलचा आहे, तो बाहेर काढला की मिश्रण दाट होते. हाताला लागलेली जुनी सवय येथे नेमकी उलट्या दिशेने नेते.

आता निवडीचा प्रश्न. इटालियन शास्त्रज्ञ व्हेंतुरी याने १७९७ साली अरुंद मार्गातून वाहणाऱ्या द्रवाविषयी जे प्रसिद्ध केले, त्यावरच प्रत्येक कार्ब्युरेटर उभा आहे : हवा अरुंद जागेतून वेगाने जाते तेव्हा तेथला दाब उतरतो, आणि उतरलेला दाब जेटमधून, म्हणजे पेट्रोलच्या बारीक छिद्रातून, पेट्रोल शोषून घेतो. यावरूनच मोठ्या घशाची अडचण ध्यानी यावी. घसा रुंद केला की पूर्ण थ्रॉटलवर अधिक हवा जाते हे खरे. परंतु कमी आवर्तनांवर त्याच घशातून जाणारी हवा मंदावते, तिची ओढ क्षीण होते, आणि जेटपाशी पेट्रोल असूनही ते वेळेवर निघत नाही. स्वार खटका दाबतो, इंजिन क्षणभर उसासा टाकते आणि मग एकदम उसळते. त्या क्षणभरात शर्यतीतला प्रतिस्पर्धी वळण घेऊन गेलेला असतो.

मापांचे थोडे गणित केले तर या फरकाची कल्पना येईल. बाजारात सर्वाधिक प्रचलित असलेल्या मिकुनीच्या सुपर बीएन मालिकेत ३८, ४०, ४४ आणि ४६ मिलिमीटर ही मापे मिळतात. हा आकडा झापडीपाशी असलेल्या व्यासाचा. आतला अरुंद गळा त्याहून लहान असतो. झापडीपाशी धरले तर ३८ वरून ४४ वर जाणे म्हणजे क्षेत्रफळ सुमारे ३४ टक्क्यांनी वाढवणे होय, परंतु ४४ वरून ४६ वर जाण्याने ते केवळ ९ टक्क्यांनी वाढते. ३८ चा जोड हा एकट्या ४४ च्या जवळजवळ दीडपट भरतो. म्हणजे १९९६ नंतरच्या सुपरजेटवर कारखान्यातूनच येणारी ३८ ची जोडी ही काही उपाशी व्यवस्था नव्हे. ज्याने इंजिनाचे हेड, सायलेन्सरचा पाइप आणि पोर्ट यांना अद्याप हात लावलेला नाही, त्याने ती काढून ४६ ची जोडी बसवावी यात मला हौसेपलीकडे काही दिसत नाही. आणि ४४ ची जोडी नीट चालत असताना ४६ घेण्याचे समर्थन तर त्या ९ टक्क्यांत शोधावे लागते.

एक की दोन, हा दुसरा वाद. जुन्या ४४० आणि ५५० वर एकच कार्ब्युरेटर दोन्ही सिलिंडरांना पुरवठा करतो. त्याला प्रत्येक फेऱ्यात दोनदा ओढ मिळते, ती सतत आणि जोमदार असते, म्हणून अशा इंजिनावर एकटा ४४ चा कार्ब्युरेटर बसवणे हा आजवरचा सर्वांत निर्धोक बदल ठरला आहे. ६५० एसएक्सवरचा मूळचा कीहिन काढून योग्य मॅनिफोल्डसह ४४ चा मिकुनी लावणे हीही अशीच रुळलेली वहिवाट आहे. जोडी लावली की प्रत्येक कार्ब्युरेटर आपापल्या सिलिंडरशी एकटा उरतो, ओढ फेऱ्यास एकदाच मिळते. वरच्या टोकाला त्याचा लाभ होतो, खालच्या टोकाला जुळणीचे काम दुप्पट होते, आणि दोन्ही झापडा अगदी एका वेळी उघडतील अशी सांगड घालण्याची नवी जबाबदारी येते. एक झापड केसभर आधी उघडली तर एक सिलिंडर दुसऱ्याला ओढत नेतो, आणि मालक जेट बदलीत बसतो. जुन्या लहान इंजिनावर, विशेषतः रविवारी मजेखातर चालवणाऱ्याने, जोडीच्या मागे लागू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

स्वार थ्रॉटल कसा वापरतो, हा विचार मात्र या दोन्ही वादांहून मोठा आहे, आणि खरेदीच्या वेळी नेमका तोच मागे पडतो. ॲरिझोनातल्या लेक हवासू येथे ऑक्टोबरात भरणाऱ्या जागतिक शर्यतींत बोयांभोवती वळणारा स्वार सरळ पट्ट्यावर खटका पूर्ण दाबतो, वळणावर सोडतो, पुन्हा दाबतो. त्याला वरचा दमही हवा आणि वळणातून बाहेर पडतानाची तत्परताही हवी. कसरतीचा स्वार मुख्यतः स्तब्धतेतून क्षणात उसळी मागतो, त्याच्या दृष्टीने वरचा वेग जवळजवळ निरर्थक. समुद्राच्या लाटांवर खेळणाऱ्याची नौका पाण्याबाहेर निघते, पंपात हवा शिरते, भार नाहीसा होऊन इंजिन मोकळे धावते आणि पाण्यावर आपटताच पुन्हा भाराखाली दबते. या तिघांनी एकाच इंजिनावर एकच कार्ब्युरेटर बसवला तरी त्यांची जुळणी एक असू शकत नाही. नऊशे घनसेंटिमीटरच्या पुढची, दुकानांतून स्वतंत्रपणे बांधलेली जी कसरतीची इंजिने आहेत, त्यांची भूक मोठी असल्यामुळे त्यांवर मोठे घसे खपून जातात. त्यांचे अनुकरण ७०१ वर करणाऱ्यांची संख्या कमी नाही, आणि त्यांच्या तक्रारीही कमी नाहीत.

मिकुनी की कीहिन, यावर पुष्कळ शाई खर्च झाली आहे. ती बरीचशी वाया गेली आहे. यामाहाने मिकुनीचा आणि कावासाकीने कित्येक नमुन्यांवर कीहिनचा आश्रय घेतला, दोन्ही पडद्याचेच, दोन्ही भरवशाचे. मिकुनीच्या बाजूने व्यावहारिक कारण एवढेच की, त्याच्या सुया, बैठका, स्प्रिंगा आणि जेट यांचा साठा सर्वत्र मिळतो आणि त्याची माहिती अधिक लोकांना आहे. शर्यतीच्या दुकानांनी आतून कोरून, घासून ४८ मिलिमीटरपर्यंत नेलेले कार्ब्युरेटरही मिळतात; त्यांच्या आतले मार्ग बनविणाऱ्यानुसार बदलत असल्यामुळे कारखान्याचे कोष्टक त्यांना लागू पडत नाही, आणि ते घेणाऱ्याने बनविणाऱ्याकडून त्याची मूळ मांडणी लेखी मागून घ्यावी. चोकची झापड काढून त्याऐवजी हाताने पेट्रोल शिंपडणारा प्रायमर बसवण्याची प्रथा मात्र चांगली आहे. घशातला एक अडथळा जातो आणि थंड इंजिनही लवकर सुरू होते.

हवेच्या तोंडावर जे जाळीचे आवरण असते ते केवळ गाळणी नव्हे. अमेरिकेत १९४० च्या मोटरबोट कायद्यापासून पेट्रोलवर चालणाऱ्या, आत बसवलेल्या इंजिनांच्या कार्ब्युरेटरवर ज्वालारोधक असणे बंधनकारक आहे, कारण बंद कवचात साठलेल्या पेट्रोलच्या वाफेला इंजिनाची एक उलटी ठिणगी पुरते. मोटारसायकलीचा स्पंजचा फिल्टर त्या जागी लावणारा इसम स्वतःच्या बुडाखाली दारूचे कोठार घेऊन उभा असतो, मग त्या फिल्टरमधून हवा कितीही मोकळी जात असो.

आता जुळणीकडे वळू. पडद्याच्या कार्ब्युरेटरची खरी किल्ली म्हणजे सुई उघडण्याचा दाब, ज्याला या धंद्यात पॉप-ऑफ म्हणतात. बैठक १.५, २.०, २.३ किंवा २.५ मिलिमीटरची असते. तरफेखालची स्प्रिंग ६५, ८०, ९५ किंवा ११५ ग्रॅमची. सुईच्या टोकावर पेट्रोलचा दाब बैठकीच्या छिद्राएवढ्या क्षेत्रावर पडतो, म्हणून तीच स्प्रिंग ठेवून बैठक १.५ वरून २.० केली की ते क्षेत्र पावणेदोन पटीहून किंचित वाढते आणि सुई पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी दाबावर उचलली जाते. कमी पॉप-ऑफ म्हणजे थोड्याशा ओढीनेही पेट्रोल आत येणे, अर्थात खालच्या थ्रॉटलवर मिश्रण दाट. अधिक पॉप-ऑफ म्हणजे तेच मिश्रण विरळ. थ्रॉटल पुरता उघडला की घशातली ओढ एवढी प्रबळ होते की स्प्रिंगचा प्रतिकार नगण्य ठरतो, म्हणून पॉप-ऑफचा अंमल मुख्यतः पहिल्या तृतीयांशापर्यंतच चालतो. मोठ्या घशाची ओढ मुळात क्षीण, म्हणून त्याला पॉप-ऑफ उतरवावा लागतो. पण तो फार उतरवला तर पंपाचा स्वतःचा दाबच सुई उचलू लागतो, मंदगतीवर पेट्रोल ठिबकते आणि प्लग ओले होतात. मोठा कार्ब्युरेटर मंदगतीवर कधी तहानलेला तर कधी तुंबलेला का असतो, त्याचे कारण या दोन मर्यादांमधल्या चिंचोळ्या जागेत आहे.

बैठक आणि स्प्रिंग यांच्या वेगवेगळ्या जोड्यांतून एकच पॉप-ऑफ साधता येतो : मोठी बैठक आणि ताठ स्प्रिंग, किंवा लहान बैठक आणि मऊ स्प्रिंग. यांतून निवड करावयाची ती इंजिनाच्या एकूण भुकेवरून. मोठ्या इंजिनाला पूर्ण थ्रॉटलवर पेट्रोलचा प्रवाह भरपूर लागतो, म्हणून आधी बैठक ठरवावी आणि मग स्प्रिंगेने दाब साधावा. स्प्रिंग ओढून लांबवणे, कडी कापणे किंवा तरफ वाकवून आकडा गाठणे हे प्रकार सर्रास चालतात, पण ते निषिद्ध मानावेत. तरफ खोलीच्या तळाशी समतल असावी हा नियम मोडला की पुढचा प्रत्येक आकडा खोटा ठरतो. मोजमापाला मोठे साहित्य लागत नाही. गेज लावलेला लहान हातपंप, सुईवर तेलाचा एक थेंब, आणि तीनदा तोच आकडा येतो की नाही हे पाहण्याची चिकाटी. सुई उघडण्याआधीच दाब हळूहळू गळत असेल तर सुई-बैठक बदलावी. तेथे जुळणीचा प्रश्नच उद्भवत नाही.

पाण्यावरची कसोटी अशी. इंजिन तापल्यावर मंदगतीतून खटका झटकन दाबावा; इंजिन अडखळले तर पॉप-ऑफ बहुधा चढा, मिश्रण विरळ आहे. मग थ्रॉटल सुमारे आठव्या हिश्शावर मिनिटभर स्थिर धरून एकदम उघडावा. इंजिनाला आधी घसा खाकरून साफ करावासा वाटला, तर पॉप-ऑफ उतरलेला, मिश्रण दाट आहे. मंदगतीचा स्क्रू इंजिन स्थिर चालण्यापुरता फिरवावा, त्याच्याकडून अधिक अपेक्षा ठेवू नये. लहान जेटचा अंमल सुरुवातीपासून अर्ध्यापर्यंत, मोठ्या जेटचा तेथून पुढे, आणि पूर्ण वेगाच्या स्क्रूचा शेवटच्या चौथाईत. परंतु या हद्दी गावाच्या शिवेसारख्या दगड रोवून आखलेल्या नाहीत, शेजारच्या टप्प्यात त्या शिरतात, म्हणून काम खालून वर करीत जावे आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. वरून सुरुवात करणाऱ्याला खालचा पॉप-ऑफ बदलताच सर्व काम पुन्हा करावे लागते.

वरच्या टोकाची परीक्षा प्लगने होते. नवे प्लग, पूर्ण थ्रॉटलवर लांब सरळ धाव, त्याच अवस्थेत इंजिन बंद, आणि मग प्लग बाहेर. येथे एक इशारा : पंप थांबला की जेट स्की वळत नाही, तेव्हा ही परीक्षा मोकळ्या पाण्यातच घ्यावी. प्लगचा रंग बदामी-तपकिरी असावा असे सांगतात. आधुनिक तेलांच्या राज्यात मला तो एकटा साक्षीदार पुरेसा वाटत नाही. हेड काढून पिस्टनच्या माथ्यावर पोर्टांसमोर पेट्रोलने धुतलेले स्वच्छ पट्टे पाहणे अधिक खात्रीचे. ते मोठे असतील तर मिश्रण दाट, मुळीच नसतील तर विरळ आणि संकट जवळ. विरळ मिश्रणाचे इंजिन शेवटच्या क्षणापर्यंत अतिशय छान, हलके, तीक्ष्ण धावते, हीच त्याची फसवणूक. आणि टू-स्ट्रोकमध्ये वंगणाचे तेल पेट्रोलबरोबरच येत असल्याने पेट्रोल कमी पडले म्हणजे वंगणही कमी पडले, मग पिस्टन सिलिंडरला चिकटतो किंवा त्याच्या माथ्याला भोक पडते. म्हणून नवी जुळणी मोठ्या जेटने, दाट बाजूने सुरू करून पाच-पाचच्या टप्प्याने उतरत यावे. पेट्रोल चढवीत जाण्याची पद्धत स्वस्त वाटते, पण तिचे बिल पिस्टनच्या दुकानात भरावे लागते.

विरळपणाच्या निम्म्या तक्रारींत कार्ब्युरेटर निर्दोष असतो. क्रँकच्या टोकांची सील सुकलेली, मॅनिफोल्डचे गॅस्केट फाटलेले, पंपाच्या स्पंदनाची नळी चिरलेली, टाकीतली जाळी गाळाने अर्धी बुजलेली. बाहेरची हवा कोठूनही आत शिरू लागली की कितीही मोठा जेट तिचा पाठलाग करू शकत नाही. क्रँककेस बंद करून सात-आठ पौंडांचा दाब भरावा आणि तो टिकतो का पाहावे. ज्याने ही परीक्षा केली नाही त्याने जेटच्या पेटीला हात लावू नये.

हवामानाचाही हिशेब ठेवावा लागतो. हवासूचे पाणी समुद्रसपाटीपासून सुमारे १३७ मीटरवर, तर कॅलिफोर्निया-नेव्हाडाच्या सीमेवरचे ताहो सरोवर सुमारे १,८९७ मीटरवर. तेथे हवेची घनता जवळजवळ सहाव्या भागाने कमी असते, पण कार्ब्युरेटर पेट्रोल तेवढ्या प्रमाणात कमी करीत नाही, म्हणून खालची जुळणी तेथे दाट पडते. उलट थंड सकाळी दाट हवेत तीच जुळणी विरळ होते. पट्टायाच्या किनाऱ्यावरच्या दमट हवेत प्राणवायू किंचित कमी, तेथे शर्यतीला जाणारे लोक लहान जेट बरोबर ठेवतात. तेलाचे प्रमाण वाढवले तर त्याच जेटमधून पेट्रोल किंचित कमी जाते, मिश्रण विरळ होते; ही गोष्ट पुष्कळांना उलटी वाटते, पण ती खरी आहे. आणि आता इथेनॉल. शुद्ध पेट्रोलला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्याला सुमारे १३.५, म्हणजे आपल्या पंपांवर आज जे मिळते ते जुन्या जेटमधून सात-आठ टक्के विरळ जळते. महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांना त्याने बरकत येवो, पण ज्याच्याकडे टू-स्ट्रोक आहे त्याने एक-दोन जेट वर चढावे, आणि पडदे व नळ्या इथेनॉलने ताठरतात म्हणून त्या नियमाने बदलाव्यात.

ताहोचा दाखला केवळ पुस्तकी राहतो, कारण कार्ब्युरेटरच्या टू-स्ट्रोक इंजिनांना त्या सरोवरावर १९९९ पासून बंदी आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९६ साली नौकांच्या पेट्रोल इंजिनांसाठी केलेल्या नियमाने २००६ पर्यंत टप्प्याटप्प्याने हायड्रोकार्बनचे उत्सर्जन ७५ टक्के उतरवण्याची सक्ती केली. जाळण्याआधीच पेट्रोलचा मोठा वाटा सायलेन्सरवाटे पाण्यात सोडणाऱ्या या इंजिनांविरुद्धचा तो निवाडा न्याय्यच होता. कावासाकीने २०१७ त १,४९८ घनसेंटिमीटरची फोर-स्ट्रोक एसएक्स-आर आणली, यामाहाने २०२१ साठी सुपरजेटला १,०४९ घनसेंटिमीटरचे तीन सिलिंडरांचे, इंधन-अंतःक्षेपणाचे इंजिन दिले, आणि नव्या उभ्या जेट स्कीवरून कार्ब्युरेटर उठला. नवी एसएक्स-आर अडीचशे किलोच्या घरात आहे. जुनी सुपरजेट एकशेचाळीसच्या आसपास होती. हा भार जोवर कायम आहे तोवर कसरतीचे आणि जुन्या वर्गांच्या शर्यतींचे स्वार टू-स्ट्रोक सोडणार नाहीत, आणि त्यांच्यासाठी पडदे, सुया, स्प्रिंगा यांचा बाजार चालू राहील.

तेव्हा ज्याच्या दारी जुनी ५५० किंवा ७०१ उभी आहे आणि खिशात एका नव्या कार्ब्युरेटरपुरते पैसे आहेत, त्याने आधी पॉप-ऑफचा पंप, गेज, पडद्यांचा नवा संच, दोन-तीन स्प्रिंगा आणि जेटची पेटी घ्यावी, क्रँककेसची गळती तपासावी, आणि मूळचा कार्ब्युरेटर एकदा खालून वरपर्यंत नीट लावून पाहावा. पाइप आणि हेड बदलल्यानंतरही वरच्या चौथाईत इंजिन उपाशी राहत असेल, तर ४४ घ्यावा. ४६ चा विचार त्यानंतर, आणि तोही बहुधा करू नये.